एकाच मॉडेलची रेसिंग सिरीज काढायची तर जुनी टोयोटा ८६ घ्या, आणि नियम मागच्या रांगेकडे बघून लिहा

आमच्या ट्रॅक डेवाल्या ग्रुपमध्ये बरेच दिवस एकच विषय चाललाय, एकाच मॉडेलच्या गाड्यांची क्लब लेव्हलची सर्किट रेसिंग सिरीज काढायची का, आणि काढायची तर कुठल्या गाडीची. कोणी माझदाची मियाटा म्हणतं, कोणी जुनी बीएमडब्ल्यू, कोणी छोटी हॅचबॅक, मग प्रत्येकजण आपापल्या गाडीची बाजू लावून धरतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. मेसेजमधून तुकड्या-तुकड्यात बोलून काही होत नाही म्हणून इथे एकदा सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी म्हणाल तर पहिल्या पिढीची टोयोटा ८६, म्हणजे तिच्या जुळ्या बहिणी सुबारू बीआरझेड आणि सायन एफआर-एस पण त्यातच आल्या, २०१२ ते २०२० मधल्या. पण गाडी निवडणं हा सोपा भाग आहे. खरं काम नियमपुस्तकाचं, आणि ते लिहिताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा, की या ओळीमुळे ग्रिडच्या (रेस सुरू होताना लागणाऱ्या गाड्यांच्या रांगांच्या) मागच्या अर्ध्यात असणाऱ्या माणसाचा खर्च आणि वैताग वाढतोय की कमी होतोय. पुढचे चार-पाच जण काही केलं तरी येणारच आहेत, त्यांना ट्रॉफी हवीये, ते टायर विकत घेतील, डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) विकत घेतील, टेस्टिंगला जातील. सिरीज उभी असते ती पंधराव्या ते पंचविसाव्या नंबरवर धावणाऱ्यांच्या एन्ट्री फीवर. स्वतःच गाडीखाली झोपून काम करणारा, सोमवारी सकाळी ऑफिसला जाणारा हा माणूस एकदा घरी बसला की ग्रिड आटते, ग्रिड आटली की आयोजक स्लॉट देत नाही, आणि मग ट्रॉफीवाले पण दुसरीकडे जातात.

आता वन-मेक, म्हणजे सगळ्यांना एकाच मॉडेलची गाडी, हा प्रकार काही आजचा नाही. रेनोने १९६६ मध्ये फ्रान्समध्ये आर८ गोर्डिनीचा कप सुरू केला, मागे इंजिन असलेली ती छोटीशी चौकोनी गाडी, आणि कल्पना साधी की सगळ्यांना सारखीच गाडी, आता दाखवा कोण चालवतो. मग १९७९ आणि १९८० ला बीएमडब्ल्यूने एम१ प्रोकार काढली, फॉर्म्युला वनच्या वीकेंडलाच रेस, आणि प्रॅक्टिसमध्ये सगळ्यात फास्ट असलेल्या पाच फॉर्म्युला वन ड्रायव्हर्सना कंपनीच्या एम१ गाड्या मिळायच्या. पहिल्या वर्षी निकी लाउडा जिंकला, दुसऱ्या वर्षी नेल्सन पिके. आणि १९८४ च्या मे महिन्यात नवीन न्यूरबर्गरिंगच्या उद्घाटनाला मर्सिडीजने १९० ई २.३-१६ या एकसारख्या गाड्या लावून जुन्या-नव्या मोठमोठ्या ड्रायव्हर्सची रेस घेतली, त्यात तेव्हा नवखाच असलेला आयर्टन सेना जिंकला आणि लाउडा दुसरा आला. त्या दिवशी गाडीचं कारण कोणालाच देता येत नव्हतं, हीच तर वन-मेकची सगळी गंमत.

पण प्रोकार दोनच सीझन चालली. बीएमडब्ल्यूचा मोर्चा फॉर्म्युला वनच्या इंजिनकडे वळला आणि सिरीज आटोपली. कंपनीच्या जिवावर उभी राहिलेली सिरीज कंपनीचं मन असेपर्यंतच चालते. याउलट अमेरिकेतली स्पेक मियाटा सिरीज बघा (स्पेक म्हणजे नियमाने ठरवून दिलेली एकसारखी गाडी), ती क्लब रेसिंग करणाऱ्या माणसांनी जुन्या मियाटांभोवती उभी केली, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पोलादी सांगाडा), ठराविक सस्पेन्शन, बाकी गाडी जवळपास होती तशीच, आणि ती अजून जोरात चालू आहे, नवीन माणसं अजून त्यात शिरतायत. स्पेक ई३० पण तशीच, जुन्या बीएमडब्ल्यू ३२५आय घेऊन चालणारी. या दोन्हीमध्ये एक गोष्ट सारखी आहे, गाडी जेव्हा निवडली तेव्हा ती सेकंडहँड बाजारात मुबलक होती, यार्डात पार्ट मिळत होते, आणि नवीन असतानाची झळाळी उतरलेली होती म्हणून तिला केज लावायला कोणाचा हात थरथरत नव्हता.

जुनी ८६ आज नेमकी त्याच वयात आलीये.

गाडीबद्दल थोडं सांगतो, ज्यांना माहितीये त्यांनी हा भाग सोडा. दोन लिटरचं बॉक्सर (सिलिंडर आडवे, समोरासमोर असलेलं) इंजिन, एफए२०, टर्बो नाही, २०० हॉर्सपॉवर सात हजार आरपीएमला, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिलिमीटर. वजन साधारण साडेबाराशे किलोच्या आसपास, मागची चाकं ओढणारी, सहा गिअरचा मॅन्युअल, बहुतेक गाड्यांत फॅक्टरीतूनच टॉर्सन एलएसडी (दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डिफरेन्शियल). पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे डबल विशबोन. आणि शोरूममधून येताना बऱ्याच गाड्यांना मिशेलिन प्रायमसी टायर होते, २१५ रुंदीचे, स्पोर्ट्स कारच्या मानाने कमी ग्रिपचे, मुद्दाम दिलेले, म्हणजे गाडी कमी स्पीडलाच सरकायला लागते आणि चालवणाऱ्याला काय होतंय ते कळतं. रेसिंगसाठी हा स्वभाव मला फार मोलाचा वाटतो. गाडी एकदम सोडून देत नाही, सांगून सांगून सुटते, आणि पॉवर इतकीच आहे की कोपऱ्यात चूक झाली तर ती पुढच्या सरळ रस्त्यावर भरून निघत नाही, लॅपभर भोगावी लागते. शिकायला यापेक्षा चांगली गाडी कुठली?

या गाडीची वन-मेक रेसिंग याआधी झालेली आहेच, जपानमध्ये २०१३ पासून ८६ आणि बीआरझेडची सिरीज सुरू झाली, ऑस्ट्रेलियात २०१६ पासून ८६ सिरीज चालली, आणि अमेरिकेत २०२३ पासून नवीन २.४ लिटरच्या जीआर८६ चा जीआर कप आहे. म्हणजे ही गाडी रेसमध्ये टिकते का हा प्रश्न आता प्रश्न राहिलेला नाही. पण त्या सगळ्या कंपनीचा हात डोक्यावर असलेल्या सिरीज. मला हवीये ती सेकंडहँड ८६ घेऊन चार मित्रांनी गॅरेजमध्ये बांधता येईल अशी. जपानवाल्यांकडून मात्र एक गोष्ट घेण्यासारखी आहे, त्यांनी पुढे प्रोफेशनल आणि क्लबमन असे दोन वेगळे वर्ग केले. का केले ते उघड आहे, पैसे घेऊन चालवणारा ड्रायव्हर आणि पैसे भरून चालवणारा ड्रायव्हर एका पॉइंट टेबलमध्ये बसवले की दुसरा हळूहळू गळतो.

आता गाडीच्या अडचणी, कारण त्या लपवून सिरीज काढली तर पहिल्याच सीझनला लोकांचे हाल होतील.

एक, ऑइलचं तापमान. फॅक्टरीतून या इंजिनात ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल असतं आणि पहिल्या पिढीच्या बहुतेक गाड्यांना धड ऑइल कूलर नसतो, उन्हाळ्यात सलग पंधरा-वीस मिनिटं ताणून चालवली की ऑइल १३० अंश सेल्सियसच्या पुढे जातं. तेव्हा ऑइल कूलर सक्तीचा, आणि ज्याला जो वाटेल तो नाही, सिरीजने ठरवलेला एकच किट, सगळ्यांना सारखा, थर्मोस्टॅटसकट. काहीजण म्हणतील की ऐच्छिक ठेवा, पैसे वाचतील. नाही वाचणार. कूलर न लावणाऱ्याचं इंजिन जातं आणि त्याच्यासोबत तो माणूस पण जातो.

दोन, पुढचा कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाक किती आत-बाहेर झुकलंय तो कोन. फॅक्टरीत पुढच्या चाकाचा कॅम्बर जवळपास शून्य असतो. ट्रॅकवर अशी गाडी चालवून आलात की पुढचा टायर हाताने चाचपून बघा, बाहेरच्या कडेला रबराच्या बारीक शेंड्या उठलेल्या असतात, कड गोल झालेली असते, आणि आतला अर्धा टायर मात्र दुकानातून आणल्यासारखा. मी हे प्रत्येक नवीन आलेल्या ८६ वाल्याला हात लावून बघायला सांगतो कारण सांगून पटत नाही, बोट फिरवलं की पटतं. टायरचा पैसा अर्धा असा फुकट जातो. म्हणून कॅम्बर प्लेट नियमातच हवी, पुढे उणे तीन अंशांच्या आसपास जाता येईल इतकी. हा खर्च वाढवणारा नियम वाटतो पण टायर वाचवून एका सीझनमध्ये वसूल होतो, तेव्हा मघाच्या प्रश्नाला याचं उत्तर ‘खर्च कमी होतो’ असंच आहे.

तीन, आणि यावर सगळ्यात जास्त भांडणं होणार आहेत, जुनी आणि नंतरची गाडी. २०१७ च्या मॉडेलला मॅन्युअल गाडीत पाच हॉर्सपॉवर वाढवून २०५ केली, इनटेक मॅनिफोल्ड बदलला, आणि मागचा फायनल ड्राइव्ह (डिफरेन्शियलमधलं, म्हणजे डिफमधलं, शेवटचं गिअर गुणोत्तर) ४.१ चा ४.३ केला. पाच हॉर्सपॉवरने आकाश कोसळत नाही, पण फायनल ड्राइव्हने प्रत्येक गिअरमध्ये गाडी थोडी जास्त ओढते, आणि हळू कोपऱ्यातून बाहेर पडताना तो फरक दिसतो. लांब सरळ रस्ता असलेल्या ट्रॅकवर उलटं पण होऊ शकतं, ४.३ वाला आधी गिअर बदलतो. एकाच मॉडेलची सिरीज म्हणायचं आणि एकाच गाडीत दोन गाड्या ठेवायच्या, याने सिरीजची विश्वासार्हता जाते. स्पेक मियाटात हाच प्रश्न कित्येक वर्षं पुरलाय, १.६ लिटरवाल्याला कमी वजन, नंतरच्या १.८ ना रिस्ट्रिक्टर प्लेट (इंजिनात जाणारी हवा कमी करणारी), मग तरी दर सीझनला कोणीतरी म्हणणार की अमक्या वर्षाची गाडीच जिंकते, आणि लोक ती अमक्या वर्षाची गाडी शोधत फिरणार. एका मॉडेलची किंमत चढते आणि बाकीच्यांनी बांधलेल्या गाड्या रातोरात भंगार वाटायला लागतात.

माझं म्हणणं स्पष्ट आहे, सगळ्यांना ४.१. नंतरची गाडी असेल तर मागचा डिफ बदलून जुना टाका, तो यार्डात मिळतो, आणि उरलेल्या पाच हॉर्सपॉवरसाठी थोडं वजन लावा, किती ते डायनोवर (इंजिनची पॉवर मोजायच्या यंत्रावर) चार-सहा गाड्या चढवून ठरवा. उलट सगळ्यांना ४.३ केलं तर ज्यांच्याकडे जुनी स्वस्त गाडी आहे त्यांनाच खर्चात टाकतोय आपण, आणि तेच तर मागच्या रांगेतले लोक आहेत! ब्रेकचंही तेच, नंतर काही गाड्यांना ब्रेम्बो पॅकेज आलं, ते बंद, सगळ्यांना साधे कॅलिपर, पॅड मात्र रेसिंगचे आणि ब्रेक फ्लुइड चांगलं.

अजून एक, २०१८ मध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी मोठा रिकॉल झाला होता, सुरुवातीच्या गाड्यांसाठी. त्या कामासाठी इंजिन बाहेर काढून बरंच उघडावं लागतं, बॉक्सर आहे ना, हेड दोन्ही बाजूंना चेसिसच्या पोटात. तेव्हा सेकंडहँड घेताना रिकॉलचं काम झालंय का, कोणी केलं, नंतर किती चालली हे विचाराच, आणि गाडीच्या लॉगबुकात ते पहिल्या पानावर लिहिलेलं असावं असं मला वाटतं.

बरं, आता नियमपुस्तक. पहिली ओळ सगळ्या स्पेक क्लासची असते तीच, जे करता येईल असं लिहिलेलं नाही ते करता येणार नाही. ही ओळ कडक वाटते पण हीच मागच्या रांगेचं कवच आहे. कारण ‘लिहिलेलं नाही म्हणजे चालतं’ असं म्हटलं की ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे तो फटी शोधत बसतो, एक फट सापडली की पुढचे पाचजण तेच करतात, आणि मग पंधराव्या नंबरवाल्याला तेच करायला लागतं, फक्त जिथे होता तिथे राहण्यासाठी.

पण नुसती ओळ लिहून भागत नाही, तपासणी लागते, आणि पहिल्या दिवसापासून लागते. २०१४ च्या एससीसीए (अमेरिकेतला मोठा कार क्लब) रनऑफ्समध्ये, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत, कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर, स्पेक मियाटाच्या रेसनंतर हेड उघडली आणि पुढचे बरेच जण डिस्क्वालिफाय झाले, सिलिंडर हेडच्या पोर्टमध्ये नियमाबाहेरचं काम सापडलं. वर्षाची सगळ्यात मोठी रेस, आणि ट्रॅकवर जे दिसलं तो निकालच राहिला नाही. यातली खरी गोष्ट ही की असं काम एका रात्रीत पसरत नाही, इंजिन बांधणाऱ्यांमध्ये हळूहळू ‘एवढं तर सगळेच करतात’ असं होत जातं, आणि तपासणी सैल असली की प्रामाणिक माणसाला वाटतं आपणच मूर्ख. नियम सगळ्यांना माहीत होता, तपासणी उशिरा खोलवर गेली. मी स्वतः स्क्रुटिनीला (गाड्यांच्या तांत्रिक तपासणीला) हात लावलेला आहे, वजनकाटा आणि हेल्मेटचं स्टिकर बघणं सोपं असतं, इंजिनच्या आतलं बघायला वेळ, हत्यारं आणि थोडा वाईटपणा घ्यायची तयारी लागते.

८६ मध्ये इंजिन उघडून तपासणं म्हणजे डोकेदुखी, मघाशी म्हटलं तसं. म्हणून इंजिन उघडायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था हवी. बोल्टच्या डोक्याला आडवं भोक पाडायचं, त्यातून तार ओवायची, दोन-तीन बोल्ट एकमेकांना बांधायचे आणि नंबर असलेलं सील लावायचं, हेड कव्हर, फ्रंट कव्हर, सम्प (इंजिनखालचा ऑइलचा डबा) या सगळ्यांना. सील तुटलं की गाडी बाहेर, कारण काहीही असो, आधी सांगून परवानगीने तोडलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि सील लावायच्या आधी डायनो आणि कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सीलच्या आत काय आहे त्याची नोंद राहते. इंजिन फॅक्टरीचंच हवं, बिल्ट इंजिन नाहीच. काहीजण लगेच म्हणतील की फॅक्टरी इंजिनातही फरक असतात, आणि पैसेवाला चार इंजिनं घेऊन त्यातलं सगळ्यात दमदार ठेवेल. बरोबर आहे, म्हणून डायनोवर वरची मर्यादा ठेवा, त्याच्या पुढे गेलं तर रिस्ट्रिक्टर. चार इंजिनं घेण्यात मग काही अर्थ उरत नाही.

ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याबद्दल मी जरा जास्तच हट्टी आहे. या गाडीत ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या मध्ये टॉर्कला एक खड्डा आहे, सगळ्यांना माहितीये, आणि एक्झॉस्ट हेडर बदलून ट्यून केलं की तो भरून निघतो, म्हणून प्रत्येकजण म्हणणार की एवढं तर द्या. देऊ नका. रेसमध्ये इंजिन त्या पट्ट्यात फार कमी वेळ असतं, ड्रायव्हर वरच्या आरपीएमलाच राहतो, आणि एकदा हेडर आणि ट्यून उघडलं की तिथून डायनोवाल्यांची स्पर्धा सुरू होते, ड्रायव्हर्सची संपते. फॅक्टरी हेडर, आणि सिरीजची एकच ईसीयू फाइल. शनिवारी सकाळी स्क्रुटिनीला केबल लावायची, फाइल वाचायची, चेकसम (फाइल बदललीये का ते सांगणारा आकडा) जुळतो का बघायचा, आणि शंका आली तर तिथेच आपली फाइल टाकून द्यायची, वाद नको. काही मिनिटांचं काम आहे, आणि याने जेवढी भांडणं वाचतात तेवढी दुसऱ्या कशाने वाचत नाहीत.

टायरवर मी तासन्‌तास बोलू शकतो, पण थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो. क्लब रेसिंगमध्ये माणसाला घरी बसवणारी गोष्ट इंजिन नाही, टायर आहे. इंजिन एकदा जातं, टायर दर वीकेंडला जातो. मऊ टायर ठेवला तर तो पहिल्या दोन-तीन गरम लॅपमध्ये सगळ्यात फास्ट असतो आणि मग उतरत जातो, म्हणजे क्वालिफायिंगला नवा सेट लावणारा पुढे आणि मागच्या महिन्याचा सेट लावणारा मागे, आणि हा फरक ड्रायव्हिंगचा नसतो, पाकिटाचा असतो. त्यामुळे कंट्रोल टायर, म्हणजे सगळ्यांना सक्तीचा एकच टायर, असा निवडा की तो थोडा हळू असला तरी चालेल पण सीझनच्या सुरुवातीला आणि झिजल्यावर त्याचा टाइम जवळजवळ तोच राहिला पाहिजे. हे निवडायला जाहिराती वाचू नका, दोन गाड्या घ्या, एकच ड्रायव्हर, एका गाडीला नवा सेट आणि दुसऱ्याला तोच टायर अर्धा झिजलेला, गाड्या आणि सेट अदलाबदल करून चालवा, आणि फरक मोजा. जो टायर सगळ्यात कमी फरक दाखवेल तो घ्या. मग सीझनला ठराविक सेट, प्रत्येक टायरवर बारकोड, आणि वर्षाच्या शेवटी जुने टायर प्रॅक्टिसला मोकळे.

कठीण टायरचा अजून एक फायदा या गाडीत आहे. चिकट स्लिक (खाचा नसलेले रेसिंग टायर) लावले की कोपऱ्यात जोर वाढतो, तो जोर व्हील बेअरिंगवर येतो, हबवर येतो, सम्पमधलं ऑइल एका बाजूला जाऊन ऑइल ओढणारा पिकअप उघडा पडण्याची शक्यता वाढते. म्हणजे एक गोष्ट फास्ट केली की तिच्यामागे पाच गोष्टी मजबूत करायला लागतात आणि त्या पाचांची बिलं मागच्या रांगेतल्या माणसाला येतात. आणि शक्य असेल तर पाऊस आला तरी तोच टायर, खाचा असलेला, वेगळा वेट सेट आणि वेगळी चाकं घरी ठेवायला नकोत. टायरला केमिकल लावून मऊ करणारे असतातच, त्यासाठी स्क्रुटिनीला ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजायचं साधन) ठेवा, त्याची सुई खोटं बोलत नाही.

डॅम्पर पण एकच, अ‍ॅडजस्टेबल नको, किंवा असलाच तर फक्त एक नॉब. स्प्रिंग, बुश, अँटी-रोल बार सगळं किटमध्ये ठरलेलं, त्यामुळे गाडी मुळात ८६ होती की बीआरझेड हा फरक आपोआप पुसला जातो. मोकळं काय ठेवायचं? टायरची हवा, अलाइनमेंट, ब्रेक पॅड. एवढ्यावर एखाद्याला वर्षभर डोकं लावता येतं आणि खर्च शून्याच्या जवळ. हवं तर क्लेम रूल ठेवा, म्हणजे रेसनंतर कोणालाही ठरलेल्या किमतीत दुसऱ्याचा डॅम्पर विकत मागता येतो आणि त्याला द्यावा लागतो. असा नियम असला की कोणी आत लपवून महागडं काम करत नाही, उद्या ते दुसऱ्याच्या गाडीत जाईल ना.

सुरक्षेवर वाद नाही म्हणून पटकन. वेल्ड केलेली रोल केज, एफआयए (जागतिक मोटरस्पोर्ट संघटना) मान्यतेची सीट, सहा पॉइंट बेल्ट तारखेतले, हान्स (धडकेत मान सांभाळणारं उपकरण), आग विझवायची सिस्टिम, खिडकीची जाळी. इथे पैसे वाचवायचा विचार पण नको. एकच सुचवतो, केजचं डिझाइन सिरीजने एक ठरवून द्यावं आणि एक-दोन फॅब्रिकेटरकडून सगळ्यांच्या एकदम बांधून घ्याव्यात, बेंड एकदा बसवला की पुढच्या केजचं काम झपाट्याने होतं.

मग धक्काबुक्की. वन-मेकमध्ये हा सगळ्यात मोठा रोग आहे आणि त्याचं कारण स्वभावात नाही, गाड्या सारख्या असण्यात आहे. सरळ रस्त्यावर कोणी कोणाला पॉवरने मागे टाकू शकत नाही, सगळे एकमेकांच्या हवेत चिकटून चालतात, मग ओव्हरटेक फक्त ब्रेकिंगमध्ये होतो, आणि एका कोपऱ्यात चार गाड्या जाऊ बघतात. बंपर, फेंडर, हेडलाइट, रेडिएटर सपोर्ट, एका वीकेंडचं बिल बघून माणूस गाडी विकायला काढतो, आणि चूक त्याची नसतेच बऱ्याचदा. पोर्श क्लब ऑफ अमेरिकाच्या क्लब रेसिंगमध्ये १३/१३ नियम आहे, चूक तुमची ठरली तर १३ महिने प्रोबेशन, आणि त्या काळात परत तुमच्यामुळे धक्का झाला तर १३ महिने बाहेर. मला हा नियम जसाच्या तसा हवाय. पुढचा-मागचा कॅमेरा प्रत्येक गाडीत सक्तीचा, फुटेज रेसनंतर तासाभरात जमा, नाही केलं तर निकाल नाही. ‘रबिंग इज रेसिंग’ म्हणणारे भरपूर भेटतील, त्यांना सांगा की दुसऱ्याचा फेंडर पण स्वतःच्या पैशाने भरून द्या मग.

याच कारणासाठी रिव्हर्स ग्रिड मला अजिबात नको. फास्ट ड्रायव्हर मागे टाकायचे, हळू पुढे, आणि मग प्रेक्षकांना मजा येते म्हणायचं, पण क्लब रेसला प्रेक्षक असतो कोण, आपलेच घरचे आणि पुढच्या रेसवाले. दुसऱ्या रेसची ग्रिड क्वालिफायिंगच्या दुसऱ्या बेस्ट लॅपवरून लावा, थोडीफार उलथापालथ आपोआप होते. जिंकणाऱ्याला वजन लावणं पण नको, सारख्या गाड्यांची सिरीज काढायची आणि मग चांगलं चालवणाऱ्याला शिक्षा द्यायची हे मला पटत नाही.

त्यापेक्षा एक गोष्ट करा जी मला या सगळ्यात सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्या तिघांचा डेटा आणि ऑनबोर्ड व्हिडिओ रविवारी रात्रीपर्यंत सगळ्यांना खुला. स्पीड, थ्रॉटल, ब्रेक, स्टिअरिंग, पूर्ण रेस. वेगवेगळ्या गाड्यांच्या रेसमध्ये दुसऱ्याच्या डेटाचा फारसा उपयोग नसतो, पण इथे गाडी तीच, टायर तोच, ईसीयूची फाइल तीच. बाविसाव्या नंबरवाला आपली लॅप पहिल्याच्या लॅपवर ठेवतो आणि त्याला स्वच्छ दिसतं, इथे तो माझ्या दहा मीटर नंतर ब्रेक मारतो, पण खरा टाइम मी तिथे घालवत नाहीये, मी घालवतोय कोपऱ्याच्या मध्यात, कारण मी ब्रेक एकदम सोडतोय आणि तो हळूहळू सोडतोय, त्याच्या ब्रेकची रेघ उतारासारखी आणि माझी कड्यासारखी. अशी एक रेघ समजली की माणूस पुढच्या राउंडची वाट बघायला लागतो. कोचसाठी वेगळे पैसे नाहीत, आणि पुढच्यांना पण दर वेळी नवीन काहीतरी शोधत राहावं लागतं, मागचे जवळ येतायत म्हणून.

सुरुवात कशी करायची यावर आमच्यात अजून एकमत नाही. काहींना पहिल्याच वर्षी स्वतःची ग्रिड हवीये, वेगळं पॉइंट टेबल, वेगळं पोडियम, सगळं. मला वाटतं पहिलं वर्ष दुसऱ्या कुठल्यातरी जवळच्या स्पीडच्या क्लासच्या रेसमध्ये आपला छोटा गट म्हणून शिरावं, सहा-आठ गाड्या पुरेत. ट्रॅकचं भाडं, मार्शल, अँब्युलन्स हा खर्च वाटून जातो, आणि नियमपुस्तकात कुठे भोकं आहेत ते कमी लोकांत कळतं. नियम मात्र त्या पहिल्या वर्षीच पुढच्या तीन वर्षांसाठी गोठवा, सुरक्षेचं काही निघालं तर तेवढंच बदला. दर हिवाळ्यात नियम बदलणाऱ्या क्लासमध्ये कोणी गाडी बांधत नाही, आणि ज्याने बांधली तो परत येत नाही.

ग्रुपमधल्या ज्यांच्याकडे ८६ किंवा बीआरझेड आहे त्यांनी सध्या एवढंच करा, गाडी कुठल्या वर्षाची, डिफ ४.१ की ४.३, रिकॉलचं काम झालंय की नाही, आणि गाडी केजसाठी द्यायची खरंच तयारी आहे का, हे मला कळवा. २०१७ नंतरच्या निदान दोन आणि आधीच्या दोन गाड्या एकाच दिवशी एकाच डायनोवर चढवायच्यात, वजनाचा आकडा त्याशिवाय लिहिता येणार नाही. आणि ज्यांना सगळ्यांना ४.३ च हवंय त्यांनी आपलं गणित मांडून दाखवा, डिफ आणि मजुरी धरून, प्रत्येक जुन्या गाडीमागे किती.